कूलरचं तोंड

उन्हाळ्यात आमच्याकडे घरी कोण आलं आहे हे विचारावं लागत नाही. कूलरचं तोंड कुणीकडे आहे ते पाहिलं की कळतं. जावई आला की कूलर जावयाकडे. नवऱ्याच्या दुकानाचा मालक आला की कूलर मालकाकडे, आणि त्याला सर्दी झालेली असली तरी सुटका नाही. शेजारीण विरजण मागायला आली तर कूलर जागचा हलत नाही. सुनेकडे तर त्याचं तोंड कधीच होत नाही, कारण सून घरचीच असते आणि बहुतेक वेळ गॅसपाशी असते. लग्न होऊन मालेगावच्या या घरात आले तेव्हापासून मी ही रीत पाहते आहे. पूर्वी मला तिचा फार राग यायचा.

घरात माणसं तीनच. मी, नवरा आणि माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. मामाजींची सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर गेली. वाशीम, रिसोड, कारंजा आणि पुन्हा वाशीम. आता ते बाहेरच्या खोलीत खाटेवर असतात. मी येण्याआधीच्या एका उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं आणि ते अंगणातच कोसळले. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की दुपारचं यांना कूलरसमोरून हलू देऊ नका. चाकांच्या स्टँडवरचा तो मोठा लोखंडी कूलर त्यांच्यासाठीच आणलेला.

बाहेरच्या खोलीला लागून एक बारकी खोली आहे. तिथे आधी सोयाबीनची पोती असायची. मी ती झाडून-पुसून घेतली आणि माझा कॉम्प्युटर मांडला. घरात त्याला सगळे मशीन म्हणतात, म्हणून मीही म्हणते. माझं माहेर कामरगावचं. तिथून जीपनं कारंजाला जाऊन-येऊन मी व्हिडिओ एडिटिंग शिकले होते, आणि ही कुणीतरी वापरून विकलेली मशीन मी माहेरून आणली होती. नवरा खताच्या दुकानात बसतो. फोटोग्राफर पोरं दारात येतात, वहिनी आहेत का म्हणून विचारतात, हे त्याला खुपायचं. रोजची कटकट नको म्हणून एकदा त्यानं निकालच देऊन टाकला.

"हे मशीन चालते तोवर कर तुले काय करायचं ते. बंद पडली का संपलं. दुसरी मशीन या घरात येनार नाही."

मी बरं म्हटलं. मशीन सांभाळली तर किती वर्षं चालेल याचा मनात हिशेब केला आणि खूश झाले. इतकी मी शहाणी.

माझं काम लग्नांचं. पोरं दिवसभराचा गोंधळ कॅमेऱ्यात भरून आणायची आणि त्यातून लग्न बाहेर काढायचं काम माझं. बँडवाले बेसूर वाजवत असतात, नवरदेवाचा मामा प्रत्येक फोटोत घुसतो, कुणीतरी माइकवरून आहेर पुकारत असतं. या सगळ्यात कुठेतरी नवरीचा बाप मांडवामागे जाऊन तोंडावर पाणी मारून येतो. ते पाणी मारणं मी कधी कापलं नाही. त्यासाठी रिसोडहूनसुद्धा काम यायला लागलं होतं. वहिनीनं लावलेलं लग्न, असं पोरं म्हणायची, आणि मला ते ऐकायला इतकं आवडायचं की मी ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावायचे.

मग कॅमेरे सुधारले आणि व्हिडिओ जड झाले. माझ्या मशीनला ते पेलवेनात. नवरी एक पाऊल टाकायची आणि पाय वर धरून उभी राहायची. एक्स्पोर्ट, म्हणजे सगळं जोडून शेवटचा व्हिडिओ बाहेर काढणं, दुपारी लावला तर दुसऱ्या दिवशी दुपारीच संपायचा. पोरं घाईची. काम अकोल्याकडे जायला लागलं. नवी मशीन येणार नव्हती, म्हणून मग होती तिलाच पळवायचं मी ठरवलं.

प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी करता करता मी त्याचे हिंदी व्हिडिओ पाहिले. माझा प्रोसेसर जुना असला तरी त्याच्या वेगाला कंपनीनं कुलूप घातलेलं नव्हतं. विकणाऱ्याला ते माहीत नसावं. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोसचा, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा, पडदा येतो. तिथे मल्टिप्लायर नावाचा वेगाचा एक आकडा असतो. तो एक घर वाढवायचा आणि मशीन उठते का पाहायचं. उठली तर जड काम टाकून पाहायचं, आणि त्यात लटपटली तर व्होल्टेज चिमूटभर मीठ टाकावं तसं वाढवायचं. हाव केली की ती उठायचीच नाही. पंखे फिरायचे, पडदा काळा, जराशानं आपणच बंद, पुन्हा आपणच सुरू. मग मशीनच्या पोटातल्या मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढायचा, थोडं थांबायचं आणि परत बसवायचा. मशीन सगळं विसरते आणि जुन्या वेगानं उठते. माणसांना असा सेल असता तर मी घरातल्या एकाचा तरी काढला असता.

शेवटी एक वेग असा सापडला की मशीन पहिल्या फटक्यात उठायची आणि दुपारभर पळून पडायची नाही. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. मामाजी खाटेवरून उठून दारात आले.

"काय केलं व तू तिले?"

"जोरात पळवली, मामाजी."

"मंग तापत असन."

"तापते ना. तापली का बंद पडते. थंडी ठेवा लागते तिले. म्हनून तं झाकन काढून ठेवलं."

त्यांनी वाकून कॅबिनेटच्या उघड्या बाजूतून आत पाहिलं. "आमच्या गाडीचं असंच राहे. चढावर रेडिएटर उकळे. ओलं पोतं टाकलं का चाले पुन्हा." मी हसले. माझ्या कामाबद्दल त्या घरात तेवढं एक माणूस विचारायचं. पाणी मारणारा बाप आला की मी त्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचे, आणि ते दर वेळी डोळे पुसून म्हणायचे, धूळ गेली.

त्या उन्हाळ्यात कामाचा नुसता पाऊस पडला. सकाळी जोडकाम करायचं, दुपारी जेवणं झाली की एक्स्पोर्ट लावायचा आणि मागच्या खोलीत जाऊन पडायचं. मशीन पळत असताना तिला हात लावायचा नाही, आणि माझ्या खोलीत कुणी पाय टाकायचा नाही, अशी मी दोघांनाही ताकीद देऊन ठेवली होती.

मे महिना निम्मा सरला असेल. एका दुपारी उठून पाहते तर पडदा काळा. पंखे फिरताहेत आणि पुढे काही नाही. बंद करून चालू केली, तेच. सेल काढून बसवला, तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जणू काही झालंच नव्हतं अशी पहिल्या फटक्यात उठली. पुढे हेच चालू झालं. सकाळी उठायची आणि दुपारनंतर उठायची नाही.

मी म्हटलं, उष्णता. दुसरं काय असणार, मालेगावात दुपारी माणूस उठत नाही तिथे मशीन काय उठेल. वेग एक घर उतरवला. प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट पुसून नवी लावली. कॅबिनेटची दुसरी बाजूसुद्धा उघडी केली. त्यानं दुखणं वाढलंच. मग म्हटलं, लाइट. दुपारी गावातले सगळे कूलर एकदम लागतात आणि बल्ब पिवळे पडतात. स्टॅबिलायझर लावला. फरक नाही. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या, जे आमच्याकडे प्रत्येक मशीनवर पहिलं औषध असतं. एका खाचेत लावून पाहिली, दुसरीत लावून पाहिली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा अंधार.

शेवटी छातीवर दगड ठेवून सगळा वेग काढून घेतला. कंपनीनं दिला होता तितकाच ठेवला. व्हिडिओवाले सांगतात, कंपनीच्या वेगावर मशीन उठली तर चूक तुमच्या ओव्हरक्लॉकची. माझी त्याही वेगावर उठेना. म्हणजे एक तर दोष दुसरीकडेच होता, नाहीतर मी तिला कायमचं काही करून बसले होते. मला हे शेवटचंच खरं वाटत होतं. भाकरी करपायला लागल्या, नवऱ्याला एका शब्दाचं उत्तर मी चार शब्दांत द्यायला लागले. खोलीच्या उंबऱ्याशी फरशी कधीकधी ओली दिसायची, ती मी चिडचिड करत पुसून टाकायचे. मामाजींची बनियन दुपारनंतर घामानं चिंब असायची. कूलर समोर असून इतका घाम कसा म्हणून मी कूलरचा पंपही पाहिला. तो उत्तम पाणी ओढत होता.

मामाजी रोज सकाळी चहाआधी विचारायचे, "उठली का?" उठली म्हटलं की त्यांना चहा गोड लागायचा.

रिसोडच्या एका फोटोग्राफरचं मोठं लग्न माझ्याकडे अडकलं होतं. त्यानं बरेच दिवस वाट पाहिली. पोरगा सभ्य, आवाज चढवला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "कार्ड द्या वहिनी, अकोल्याले देतो आता. पार्टी आयकून नाही राह्यली." मी कॅमेऱ्याचं कार्ड रुमालात बांधून त्याच्या हातात दिलं. त्या नवरीच्या बापाला मी अजून पाहिलंही नव्हतं.

नवऱ्याला मी म्हटलं, वाशीमला दाखवू. तो मोटारसायकलवर पुढे आणि मी कॅबिनेट मांडीवर धरून मागे, असे आम्ही भर उन्हात गेलो. दुकानात पंख्याच्या कोरड्या हवेत आमची महामाया पहिल्या फटक्यात उठली. मला तिथेच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. काय काय करून पाहिलं ते सगळं मी सांगत होते, आणि तो ऐकत होता नवऱ्याकडे पाहून.

"भाऊ, ओव्हरक्लॉक केलं का यांनी? मंग खेल खतम. प्रोसेसरसंग छेडखानी करा लागत नाही. चालते तोवर चालवा."

येताना फाट्यापाशी उसाचा रस प्यायला थांबलो तेव्हा नवरा म्हणाला, "झालं समाधान?" मी ग्लास न संपवता ठेवला.

घरी आल्यावर ती दोन-तीन सकाळी उठली आणि मग सकाळचीही उठेनाशी झाली. पंखे फिरायचे ते एकदा फिरून थांबायचे.

शेवटचा उपाय म्हणून व्हिडिओवाले सांगतात की मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा, पुठ्ठ्यावर ठेवा आणि अगदी लागेल तेवढंच जोडून पाहा. मी सकाळीच स्क्रू काढायला बसले. बोर्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरला. प्रोसेसरच्या भोवती, रॅमच्या खाचांच्या तोंडाशी, खालच्या अंगाला, पांढरं पापुद्र्यासारखं काहीतरी धरलं होतं. काही पिना हिरव्या पडल्या होत्या. सुरुवातीला वाटलं, सांडलेली पेस्ट असेल. नखानं खरवडलं तर चुरा झाला. तो मला ओळखीचा वाटला. आमच्या बोरचं पाणी जड आहे. डाळ शिजायला नाकी नऊ येतात, आंघोळीचं पाणी तापवायच्या पातेल्यात तळाला असाच थर धरतो, आणि दरवर्षी कूलरच्या जाळीतलं जुनं गवत काढताना माझे हात याच पांढऱ्या चुऱ्यानं भरतात. मी बोट जिभेला लावलं. खारट, चुन्यासारखं.

कूलर बाहेरच्या खोलीत, बोर्ड आतल्या.  मग उंबऱ्याची ओली फरशी आठवली.

त्या दुपारी मी मागच्या खोलीत पडले, पण डोळे मिटले नाहीत. घर निजानीज झाल्यावर चाकांची करकर ऐकू आली. मी उठून दाराआड उभी राहिले. मामाजी कूलर ओढत होते. एक गुडघा धरून, मध्ये थांबून, दम घेऊन, त्यांनी तो माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आणला आणि त्याचं तोंड आत फिरवलं. आत मशीन होतीच कुठे. बोर्ड पुठ्ठ्यावर उघडा पडला होता. त्यांना त्यातलं काय कळणार. पाण्याचे बारीक तुषार उडत होते आणि सरळ त्याच्यावर पडत होते.

"घे माय, थंडी हो," ते त्या पुठ्ठ्याला म्हणाले. "उठ आता. पोरगी लय कदरली व तुह्यापायी."

मग ते खाटेवर जाऊन बसले आणि वर्तमानपत्राची घडी करून स्वतःला वारा घालू लागले. ज्यांना डॉक्टरांनी कूलरसमोरून हलू नका सांगितलं होतं, ते भर दुपारी, पत्र्याखाली, घामानं निथळत.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. माझी मशीन, माझं काम, पोरांचं ते वहिनीनं लावलेलं लग्न, सगळं या माणसानं रोज दुपारी थोडं थोडं पाण्यात घातलं होतं, आणि वर मला विचारत होता, उठली का. मी दोन पावलं पुढे टाकली. मग त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि बनियनच्या टोकानं मान पुसली. त्या घरात पाहुण्यासाठी फिरणारा कूलर त्यांनी माझ्या मशीनकडे फिरवला होता. मला सांगितलं असतं तर मी त्यांना ओरडून कूलरसमोर बसवलं असतं, म्हणून चोरून. मी मागे येऊन पडले. थोड्या वेळानं चाकं परत जागेवर गेल्याचं ऐकू आलं.

तरी संध्याकाळी मी बोर्ड ब्रशनं घासला, उन्हात वाळवला, पुन्हा जोडला. वेडी आशा म्हणतात ती हीच. एक लहानसा दिवा लागला आणि विझला. पुन्हा काही लागला नाही.

नवरा दुकानातून आला. पुठ्ठ्याकडे पाहून म्हणाला, "जाळली ना शेवटी?"

मामाजी खाटेवरून माझ्याकडे बघत होते. "हो," मी म्हटलं. "जास्त पळवली मी. जळली."

"सांगतलं होतं तुले वाशीमवाल्यानं."

"तिले काहून बोलून राह्यला?" मामाजी म्हणाले. "जुनी होती मशीन. कधी ना कधी जानारच होती."

नवऱ्यानं आपला शब्द पाळला. पावसाळ्यानंतर त्या खोलीत पुन्हा सोयाबीनची पोती आली. फोटोग्राफर पोरं आता रस्त्यात दिसली तर नमस्कार करतात. मोबाइलवर कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ आला तर मी तो पाहत नाही. बाप मांडवामागे गेला की अकोलेवाल्यांनी ते कापलेलंच असतं.

परवा दुपारी कूलर लावला. यंदा पहिल्यांदाच. गवत नवं, पाणी तेच. नवरा दुकानात होता. मी स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होते. मामाजी खाटेवरून बराच वेळ त्या बारक्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत होते.

"एक सांगू का तुले? रागावशीन नाही ना?"

"सांगा ना."

"तुही मशीन होती तवा मी दुपारच्यानं तिले हवा देत होतो. हा कूलर नेऊन. तू निजलेली राहे." त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं. "म्हनून तितकी तरी चालली ते. नाहीतर पहिलेच गेली असती."

 बोलायला तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर पडेल याचा माझा मलाच भरवसा नव्हता.

"हो मामाजी," मी म्हटलं. "म्हनूनच चालली."

ते समाधानानं उठले. गुडघा धरून, दम घेत, त्यांनी कूलर ओढला आणि त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे, माझ्याकडे फिरवलं.

"बस जराशी. किती घामेजली."

ओली, गार हवा तोंडावर आली. ओठांना ती खारट चव लागली. ते परत जाऊन खाटेवर बसेपर्यंत मी हलले नाही, आणि मग ताट मांडीवर ओढून पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.